तेल थिजलं होतं, हे तू सांगितलंस

सोमवारी सकाळी आपण दोघांनी जातं ओढलं. तुझा खांदा धरला होता म्हणून मी समोर बसलो. बाप्या माणूस जात्यावर बसलेला कुणी बघू नये म्हणून तू दार लोटून घेतलंस आणि मग तूच हसत सुटलीस. मी खुंटा उलट्या बाजूला ओढायला लागलो. "अहो मिस्त्री, बोट नव्हे ही, मागं नाही जायचं," तू म्हणालीस. मग मी सरळ फिरवलं. तू मूठमूठ तांदूळ घालत होतीस आणि मधेच हात थांबवून खांदा चोळत होतीस. पीठ निघालं, तू ते डब्यात भरलंस, मी बंदरावर गेलो. एवढंच. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तुझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तुला थंडी भरून आली. गुरुवारी सकाळी तू नव्हतीस.

मला फार लिहिता येत नाही. पंतोजीकडे दोन पावसाळे गेलेलो, पुढं बापानं लोहाराच्या भात्यावर बसवला. तुला तर तेवढंही नाही. मानपाड्याहून तुझ्या भावाचं पत्र आलं की मी एकेक अक्षर जोडून वाचायचो आणि माझी ओळ पुरी व्हायच्या आत तू पुढचं सांगून मोकळी व्हायचीस. "गाय व्याली असणार. दुसरं काय लिहील तो?" आणि खरंच गाय व्यालेली असायची. मला त्याचा राग यायचा. मेहनत माझी आणि बातमी तुझी.

आज पाचवा दिवस. सुतक आहे, कामावर जाता येत नाही. शेजारची माणकीबाई दोन वेळा भात आणून उंबऱ्यावर ठेवते. मी जेवतो. भूक लागते. मला वाटलेलं लागणार नाही, पण लागते. रडू येत नाही. तुझा भाऊ येऊन गेला, तो माझ्या गळ्यात पडून रडला आणि मी त्याच्या पाठीवर थोपटत बसलो, जसं काही त्याचंच माणूस गेलं होतं. त्याचंही होतंच म्हणा.

रडण्यासाठी लिहीत नाही. एक गोष्ट सरळ करायची आहे. तुला ती सगळी ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, हीच तर खोट आहे.

शेठची बोट कल्याण बंदरावरून भाताची पोती आणि माणसं घेऊन खाडीनं ठाण्याला जाते. दोन वर्षांमागं शेठनं तिच्यात तेलाचं विलायती यंत्र बसवलं. कोळसा नको, पाणी उकळायला नको. लोक तिला भुकभुकी म्हणायला लागले. रेल्वेच्या कारखान्यातून म्हातारा झाला म्हणून काढलेला मी, मला शेठनं त्या यंत्रावर ठेवला. तेव्हा तू शेठच्या नावानं देवीची ओटी भरलीस.

यंत्राच्या मागच्या टोकाला लोखंडाची हंडी असते. दिव्याच्या झोतावर ती लाल होईस्तो तापवायची. मग दोघांनी मोठं चाक ओढून फिरवायचं. चाक फिरलं की एक बारीक दांडी नळीत पुढं सरकते आणि हंडीत घासलेटाची पिचकारी मारते. तारेची स्प्रिंग त्या दांडीला परत मागं ओढते, की पुढची पिचकारी. हंडीत भडका उडाला की यंत्र धरतं आणि आपलं आपण चालतं. मग दिवा काढायचा आणि हात पुसायचे.

यंदा पौषात थंडी पडली तशी ते धरेना. चाक फिरायचं, मोकळं फिरायचं, आणि हंडी गप्प. ना धूर, ना ठोका. मी आणि सोमा खलाशी घाम फुटेस्तो चाक ओढायचो. बोटीवर माणसं बसलेली, कुणाला कोर्टात जायचंय, कुणाला सोयरीक बघायला. गणू तांडेल सुकाणूपाशी बसून म्हणायचा, "मिस्त्री, हिला शेक देऊ का रे, बाळंतिणीसारखा?" सगळे हसायचे. ओहोटी निघून जाईल म्हणून शेवटी वल्ही मारत बोट न्यायची. दुपारी ठाण्याला पोचल्यावर चाक ओढलं की पहिल्या झटक्याला धरायची. परत येताना जणू काही झालंच नव्हतं.

मी काय काय बघितलं ते तुला रोज सांगत होतो. हंडीवर थुंकून बघितलं, चर्र करत होती, म्हणजे ताप पुरता होता. घासलेट बशीत ओतून पेटवून बघितलं, पाणी नव्हतं त्यात. नळी तोंडानं फुंकली, मोकळी. हवेची झडप काढून घासली. ती दांडीसुद्धा मी दोनदा सोडवली. पण यंत्र खोलायला उजेड लागतो, माझे डोळे आता तसे नाहीत, म्हणून मी ती ठाण्याला उन्हात बसून सोडवायचो. उन्हात ती सुळकन सरकायची. मग मी तिचा नाद सोडला.

चौथ्या दिवशी शेठ स्वतः आला. चारचौघांत म्हणाला, "मिस्त्री, वल्हीच मारायची होती तर यंत्र कशाला आणलं मी? सोमवारपर्यंत बघतो. नाहीतर मुंबईहून माणूस आणतो, तू घरी बस." मी मान हलवली. बोट त्या दिवशी माझ्याशिवायच वल्ह्यांवर गेली, मी घरी आलो.

तू चुलीपुढं केस मोकळे सोडून बसली होतीस. मला पेज वाढलीस. मी चिडलेलो, पेज पोळली म्हणून तुलाच बोललो. तू ते ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "रोज सकाळीच होतं ना हे?"

"सकाळीच."

"दुपारी नाही?"

"सांगितलं ना, दुपारी नाही. तुला काय करायचंय?"

"पावसात भिजली तेव्हा?"

"तेव्हा नाही."

"मग ओलीचं नाही हे. गारठ्याचं आहे."

"गारठ्याचंच आहे, मोठी सांगणारी आलीस. हंडी लाल करतो मी, लाल. गारठा राहील कुठं?"

"हंडी लाल होते हो. बाकीचं?"

मी पेज फुंकत राहिलो. तू चुलीच्या राखेपाशी ठेवलेली खोबरेलाची बाटली उचललीस आणि माझ्यापुढं हातावर पालथी केलीस. थेंब पडला नाही. आत पांढरा गोळा बसलेला. "आत्ताच ठेवली इथं, तेल अजून पातळ झालं नाही," तू म्हणालीस. "तुम्ही यंत्राला खोबरेलच घालता ना?"

खोबरेल घालत होतो. आणि ते का घालत होतो तेही लिहायला पाहिजे. कारखान्यात आम्ही सगळ्याला एरंडेल घालायचो. पस्तीस वर्षं माझ्या अंगाला त्याचा वास होता. उशीला, सदऱ्याला, तुझ्या लुगड्याला. तू कधी बोलली नव्हतीस. यंदा दसऱ्याच्या वेळी एकदाच म्हणालीस, "आता कारखाना सुटला, तरी हा वास का?" मी म्हटलं, तेल ते तेल. शेठकडून खोबरेलाचा डबा मागून घेतला आणि बोटीवर ठेवला. दिवाळीत उकाडाच होता, छान चाललं. तू माझ्या सदऱ्याला नाक लावून म्हणालीस, "आता माणसासारखा वास येतो." मी खूश झालो होतो. हे तुला मी दाखवलं नाही.

पण त्या सकाळी तू बाटली पालथी केलीस तेव्हा मी काय बोललो? "गप बस. यंत्र आणि तुझी वेणी एक नव्हे." असं बोललो. तू बाटली परत राखेपाशी ठेवलीस. रागावली नाहीस. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळ्यांच्या आधी बंदरावर गेलो. दिवा पेटवायच्या आधी त्या दांडीला बोट लावलं. एकदा आत ढकलली ती आतच राहिली. नळीच्या तोंडाशी मेणासारखं पांढरं जमलेलं. बिचारी स्प्रिंग ओढत होती, पण थिजलेल्या तेलातून ओढायचा जोर तिच्यात नव्हता. चाक शंभर वेळा फिरवा, पिचकारी उडायचीच नाही. हंडी लाल होऊन नुसती वाट बघत होती.

घासलेटानं सगळं धुतलं. घरून पिशवीत लपवून नेलेल्या बाटलीतलं एरंडेल सोडलं. पहिल्या ओढीला धरलं. तांडेल उडी मारून उठला. शेठला बातमी गेली, तो आला आणि म्हणाला, "काय होतं रे?"

मी म्हणालो, "आवाजावरून ओळखलं."

का म्हणालो ते मला विचारू नकोस. विचारलंस तर सांगतो. नुसतं तेल होतं म्हटलं असतं तर सोम्यागोम्यानं उद्या यंत्र चालवलं असतं, मग म्हाताऱ्याची गरज काय? आणि बायकोनं सांगितलं म्हटलं असतं तर तांडेलानं वर्षभर पुरवून पुरवून चिडवलं असतं. म्हणून बोटीवरचा खोबरेलाचा डबा तसाच राहू दिला. सगळ्यांसमोर त्याला हात लावायचो आणि तेल माझ्या पिशवीतलं घालायचो. शेठनं चार माणसांसमोर माझ्या डोक्याला पागोटं बांधलं. मी बांधून घेतलं.

घरी आलो. तू विचारलंस, "चालली?"

"चालली."

"तेलच होतं ना?"

"तेलपण होतं."

तू माझ्याकडं बघितलंस आणि परत भाकरी थापायला लागलीस. तो एक 'पण' मी उगाच घातला. आपलं सगळं भांडण मग त्या 'पण'वरच राहिलं.

दोन दिवसांनी माणकीबाई मासळी विकून येताना तुला म्हणाली, "गं, तुझ्या नवऱ्याचे कान कसले! नुसतं ऐकून रोग ओळखला." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "कान? मी परसातून दहा हाका मारते तेव्हा कुठं जातात ते कान?" पण तिला खरं तू सांगितलं नाहीस. माझी लाज राखलीस. रात्री सदऱ्याला परत एरंडेलाचा वास येत होता. तू म्हणालीस, "असू दे. मला सवय आहे." आणि मग, "मला पागोटं नको. शेठला एकदा खरं सांगा, एवढंच. एकदा कुणीतरी म्हणू दे, हिला कळलं."

"सांगतो उद्या," मी म्हणालो.

आठ दिवस उद्या-उद्या केलं. दर सकाळी शेठ बंदरावर यायचा आणि दर सकाळी मी चाक पुसत बसायचो.

मग जातं, मग थंडी. तू पडलीस तसा मी बंदरावर गेलो नाही, सोमा आणि तांडेल मी यंत्रात भरून ठेवलेल्या तेलावर बोट चालवत होते. वैद्याचा काढा तुझ्या पोटात ठरत नव्हता. बुधवारी दुपारी तुला जरा शुद्ध आली. तू पाणी मागितलंस, घोटभर प्यालीस आणि विचारलंस, "सांगितलंत?"

मी म्हणालो, "सांगितलं."

"काय म्हणाले?"

"खूश झाले. म्हणाले, हुशार आहे."

तू डोळे मिटलेस. हसलीस असं मला वाटलं. माझी लबाडी ओळखून हसलीस की खरं वाटून हसलीस, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही. विचारायला वेळ होता, संध्याकाळपर्यंत होता. मी तुझे पाय चेपत बसलो. त्यानंतर तू काही बोलली नाहीस, म्हणजे तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं खोटं होतं.

खाडीच्या काठाला तुला नेलं. लाकडं ओलसर होती, माणसं म्हणाली पेटायची नाहीत. मी वारा कुठून आहे ते बघितलं, खालची चार लाकडं काढून हवेला वाट करायला लावली, सुकी खाली घेतली. पेटली. कुणीतरी मागं म्हणालं, म्हातारा घट्ट आहे. घट्ट नाही गं. माझं दुसरं काही चालत नव्हतं, पेटवायचं तेवढं हाताला ठाऊक होतं.

घरी येऊन आंघोळ केली. भिंतीला टेकून बसलो. उजाडलं तेव्हाही बसलेलोच होतो.

शुक्रवारी सकाळी गणू तांडेल आला. दारात नाही आला, सुतक म्हणून वाटेवरच उभा राहिला. त्याच्या तोंडावर चिडवायचं काही नव्हतं. म्हणाला, "मिस्त्री, आज तुला सांगू नये. पण ती धरत नाही रे. चाक फिरतंय, हंडी लाल आहे, आणि धरत नाही. माणसं बसलीत. शेठ म्हणाला, यायला नको, तोंडानं काय ते सांग."

मला लगेच कळलं. तीन दिवस माझं तेल पुरलं, मग सोमानं डब्यातलं खोबरेल घातलं असणार. त्याची चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तांडेलाला तिथंच दोन शब्दांत सांगता आलं असतं आणि तो गेला असता. मी उठलो. "मी येतो," म्हटलं. तो म्हणाला, "अरे, सुतक आहे तुला." मी म्हटलं, "लांब उभा राहीन."

तसाच गेलो, उघड्या डोक्यानं. बोट वीस-पंचवीस हात दूर, मधे भाताच्या पोत्यांची थप्पी आणि माणसं. मला बघून माणसं बाजूला झाली. शिवू नये म्हणून झाली की दया म्हणून झाली, एकच. शेठ बोटीच्या फळीपाशी उभा होता. हे मी त्याच्या कानाशी हळू सांगणार होतो, आठ दिवस माझ्या मनात तसंच होतं, हळू, कुणाला न ऐकवता. आता कानाशी जाता येत नव्हतं. ओरडणं भाग होतं.

मी ओरडलो, "सोमा, खोबरेल घातलंस ना?"

"घातलं," तो म्हणाला. "तुम्ही तेच घालता ना?"

"मी ते घालत नव्हतो. एरंडेल घालत होतो, पिशवीतून. खोबरेल थंडीत थिजतं, दांडी अडकते. घासलेटानं धुऊन काढ. हे माझ्या बायकोनं सांगितलं मला. मी ओळखलं नाही. कानानं बिनानं काही नाही. तिनं सांगितलं."

मग शेठ मऊ आवाजात तांडेलाला म्हणाला, पण मला ऐकू आलं, "बिचारा. दुःखानं बोलतोय. बायकांना यंत्रातलं काय कळतंय?"

मी परत ओरडलो. बाटली पालथी केलीस ते सांगितलं, रोज सकाळीच का असं विचारलंस ते सांगितलं. पागोटं खोटं होतं तेही सांगितलं. शेठ मान हलवत होता, आजारी माणसाला हो म्हणतात तशी. एवढ्यात सोमानं दांडी धुतली होती. कुणाच्या तरी घरून एरंडेल आलं. त्यांनी चाक ओढलं आणि ते धरलं.

शेठनं हात वर केला. "शाबास, मिस्त्री!"

"माझं नाही!" मी म्हटलं. "तिचं!" पण भुकभुकी चालू झालेली. तिच्या ठोक्यांत माझं मलाच ऐकू आलं नाही. बोट सुटली, माणसं हात हलवत होती, शेठ पेढीकडं निघून गेला.

मी तिथंच राहिलो. बंदरावर उरली होती तेवढ्यांना सांगायला लागलो. एकेकाला, लांबूनच. नाक्यावरच्या कारकुनाला सांगितलं, तो वहीतून वर न बघता बरं म्हणाला. हमालांना सांगितलं. एक हात जोडून "शांत व्हा बाबा" म्हणाला. जाळी सुकवणाऱ्या दोघांना सांगितलं, ते ऐकून घेऊन जाळ्यांकडं वळले.

माणकीबाई पाटी घेऊन बसली होती. तिलाही सांगितलं. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

"तिला कळलं कसं पण?" तिनं विचारलं.

मी तिच्यापासून चार हात सोडून जमिनीवर बसलो आणि सांगायला लागलो, की तू चुलीपुढं केस सोडून बसली होतीस.